लॉग फाइलींचे ओनर आणि परमिशन परत परत बिघडतात? चमॉड बाजूला ठेवा, आधी फाइल कोण बनवतंय ते शोधा

लिनक्स सर्व्हरवर /व्हार/लॉग मधल्या फाइलींचे ओनर-परमिशन नीट करायचे, दोन दिवस सगळं छान दिसतं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. सिक्युरिटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये तीच लाल ओळ, नाहीतर लॉग उचलणारा एजंट 'परमिशन डिनाइड' म्हणत अडून बसलेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे सिसलॉगमध्ये काही लिहिलंच जात नाहीये आणि कुणाला पत्ताच नाही. मग कुणीतरी रूटच्या (सगळे अधिकार असलेला युजर) क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत, रोज रात्री रिकर्सिव्ह चमॉड (आतल्या सगळ्यांची परमिशन एकदम बदलणारी कमांड) टाकून मोकळा होतो. हे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसत बसणं आहे, आणि त्यातून नवीन भानगडी निघतात त्या वेगळ्याच, त्यावर खाली येतोच.

कमांड आणि फाइलींची नावं इथे बोलतो तशी लिहिली आहेत, टर्मिनलवर नेहमीसारखीच टाकायची.

मुळात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे की बहुतेक वेळा तुमच्या परमिशन कुणी 'बदलत' नाही. तुम्ही ज्या फाइलवर चमॉड मारला ती फाइल आता सिसलॉग.१ किंवा सिसलॉग.२.जीझेड झालेली असते, आणि तिच्या जागी त्याच नावाची कोरी फाइल आलेली असते. परमिशन नावाला चिकटलेल्या नसतात, आयनोडला, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या मूळ नोंदीला, चिकटलेल्या असतात. म्हणून प्रश्न 'परमिशन कोण बिघडवतंय' हा नसून 'नवी फाइल कोण बनवतंय आणि कुठल्या मोडने बनवतंय' हा आहे. एकदा हा प्रश्न बरोबर विचारला की अर्धं काम झालंच.

हे तपासायला सोपं आहे. फाइलवर एलएस मारताना आयनोड नंबर दाखवणारा आय ऑप्शन लावा आणि तो नंबर कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वेळी परमिशन बिघडली की परत बघा. नंबर वेगळा असेल तर फाइल नवी आहे, विषय संपला. दुसरा मार्ग म्हणजे स्टॅट कमांड, नव्या डिस्ट्रोंवर ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या दोन्ही फाइल सिस्टममध्ये 'बर्थ' ची ओळ येते, ती वेळ जर रात्री बाराच्या आसपासची किंवा जुन्या डेबियनवर सकाळी ६:२५ नंतरची असेल तर लॉगरोटेटचा (जुना लॉग बाजूला सारून नवी फाइल सुरू करणारा, म्हणजे 'रोटेट' करणारा प्रोग्राम) हात आहे हे समजून चला, कारण जुन्या डेबियनमध्ये क्रॉन डेली बरोबर ६:२५ ला सुटतो आणि नव्यात सिस्टमडीचा (सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा मुख्य प्रोग्राम) टायमर मध्यरात्रीनंतर. मात्र स्टॅटमधल्या 'चेंज' च्या वेळेवर अजिबात विसंबू नका, खूप जण तिथेच फसतात, चालू लॉगमध्ये एक ओळ लिहिली गेली तरी ती वेळ पुढे सरकते, चमॉड झालाय की नाही ते त्यातून कळत नाही.

खरंच कुणी चमॉड किंवा चोन (ओनर बदलायची कमांड) मारतंय का हे पक्कं करायचं असेल तर ऑडिटडी, म्हणजे कोण काय करतंय त्याची नोंद ठेवणारा प्रोग्राम, वापरा. ऑडिटसीटीएल ने /व्हार/लॉग वर एक वॉच लावा, परमिशन प्रकारात फक्त 'ए' द्या, म्हणजे ॲट्रिब्यूट, आणि एक की द्या, समजा 'लॉगपर्म'. 'डब्ल्यू' देऊ नका नाहीतर लॉगमध्ये होणारं सगळं येणं-जाणं ऑडिटमध्ये येऊन पडेल. एक-दोन रोटेशन होऊ द्या आणि मग ऑसर्च ने ती की शोधा. कुठल्या प्रोसेसने, कुठल्या युजरने फचमॉड केलं ते सरळ दिसतं. आणि तुमच्या बिघडलेल्या फाइलवर काहीच सापडलं नाही तर तेही उत्तरच आहे, फाइल तशीच जन्माला आली.

आता मुख्य जोडी, आरसिसलॉग (सिस्टमचे लॉग फाइलींत लिहिणारा प्रोग्राम) आणि लॉगरोटेट. आरसिसलॉगच्या कॉन्फमध्ये फाइलओनर, फाइलग्रुप, फाइलक्रिएटमोड असतात, उबुंटूत ते सिसलॉग, एडीएम (लॉग वाचणाऱ्यांचा ग्रुप) आणि ०६४० (ओनरला वाचणं-लिहिणं, ग्रुपला नुसतं वाचणं, बाकीच्यांना काहीच नाही), डेबियनमध्ये ओनर रूट, बाकी तेच. लोक हे बदलतात, सर्व्हिस रीस्टार्ट करतात आणि काही फरक पडत नाही म्हणून वैतागतात. फरक पडणारच नाही, कारण हे आकडे फक्त आरसिसलॉगने स्वतः फाइल बनवली तरच लागू होतात. फाइल आधीच असेल तर तो निमूटपणे तिच्यात लिहायला लागतो, मोडकडे बघत नाही. आणि रोटेशनच्या वेळी फाइल आधीच असते, कारण लॉगरोटेट जुन्या फाइलचं नाव बदलून लगेच नवी बनवतो आणि त्यानंतर पोस्टरोटेट मधून आरसिसलॉगला एचयूपी, म्हणजे 'फाइल परत उघड' असा, सिग्नल जातो. म्हणजे शर्यत लागायच्या आधीच निकाल लागलेला.

मग लॉगरोटेट कुठल्या मोडने बनवतो? इथे तीन शक्यता आहेत आणि तुमची भानगड कुठली ते यावरच ठरतं. क्रिएट च्या पुढे मोड, ओनर, ग्रुप लिहिले असतील तर तेच, तुम्ही आधी काय चमॉड मारला होता त्याला काडीचीही किंमत नाही. क्रिएट नुसतंच लिहिलं असेल, जसं डेबियन-उबुंटूच्या मुख्य लॉगरोटेट.कॉन्फ मध्ये असतं, तर जुन्या फाइलची नक्कल, ओनर, ग्रुप, मोड सगळं तसंच्या तसं. आणि नोक्रिएट असेल तर लॉगरोटेट हात झटकतो, डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) बनवेल ती फाइल, डेमनचा युमास्क (नव्या फाइलीतून कुठले परमिशन बिट काढायचे तो आकडा) सांगेल तो मोड.

दुसरी शक्यता नीट समजून घ्या कारण सगळ्यात चिवट प्रकरणं तिथेच असतात. डिस्क भरली म्हणून कुणीतरी घाईत सिसलॉग आरएम केला आणि रूटने टच मारून रिकामी फाइल ठेवली. ती झाली रूट रूट ६४४. डेबियनवर आरसिसलॉग रूट म्हणूनच चालतो, त्यामुळे लिहिणं चालू राहतं, कुणाला काही कळत नाही, आणि लॉगरोटेट दर रोटेशनला इमानदारीत त्या चुकीच्या परमिशनची नक्कल करत राहतो, सहा महिने झाले तरी. उबुंटूवर मामला वेगळा, तिथे आरसिसलॉग सिसलॉग नावाच्या युजरवर उतरून चालतो, त्यामुळे एचयूपी मिळून त्याने ही फाइल उघडायचा प्रयत्न केला की ओपन एरर, परमिशन डिनाइड, आणि लॉग बंद. वर फाइल रिकामी आणि कॉन्फिगमध्ये नोटिफएम्प्टी, म्हणजे ती रोटेटही होत नाही, तशीच पडून राहते. ही एरर जर्नलमध्ये दिसते, जर्नलसीटीएल ने आरसिसलॉग युनिटचा लॉग बघा. जागा मोकळी करायचीच असेल तर ट्रंकेट ने साइज शून्य करा, आयनोड तोच राहतो, ओनर तोच राहतो, आणि चालू प्रोसेसलाही धक्का लागत नाही.

उपाय म्हणजे दोन्हीकडे एकच बोली. /ईटीसी/लॉगरोटेट.डी/आरसिसलॉग मध्ये स्पष्ट लिहा:

क्रिएट ०६४० सिसलॉग एडीएम

डेबियन असेल तर सिसलॉगच्या जागी रूट. आणि आरसिसलॉग.कॉन्फ मध्येही हेच तीन आकडे-नावं ठेवा, म्हणजे फाइल कुठूनही बनली तरी एकसारखीच बनते. आरसिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या डॉलरवाल्या ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि त्यांच्या नंतर येणाऱ्या नियमांनाच लागू होतात, त्यामुळे त्या इन्क्लुड च्या ओळीच्या वर पाहिजेत, खाली टाकल्या तर आरसिसलॉग.डी मधल्या सगळ्या फाइली त्याच्या आधीच वाचून झालेल्या असतात. नव्या पद्धतीने ॲक्शन टाइप ओएमफाइल लिहित असाल तर वरच्या ओळींच्या भरवशावर राहू नका, त्या ॲक्शनमध्येच फाइलओनर, फाइलग्रुप, फाइलक्रिएटमोड लिहून टाका.

रेड हॅट कुटुंबात, म्हणजे आरएचईएल, रॉकी, अल्मा, अजून एक गाठ आहे. तिथे /व्हार/लॉग/मेसेजेस रूट रूट ६०० असते. एजंटला वाचता यावी म्हणून लोक फाइलक्रिएटमोड ०६४० करतात आणि तरी फाइल ६०० च बनते. कारण आरसिसलॉगच्या सिस्टमडी युनिटमध्ये यूमास्क ००६६ लिहिलेला आहे. ०६४० मधून ००६६ चे बिट काढले की ग्रुपचा ४ उडतो आणि ०६०० उरतं. सिस्टमसीटीएल एडिट आरसिसलॉग करून ओव्हरराइडमध्ये सर्व्हिस सेक्शनखाली यूमास्क=००२७ टाका, रीस्टार्ट करा, मग आरसिसलॉग स्वतः नवी फाइल बनवेल ती ६४० ची असेल. युनिटची मूळ फाइल /यूएसआर/लिब मध्ये जाऊन एडिट करू नका, पुढच्या अपडेटला ती धुऊन जाते.

आता डिरेक्टरी. बरेच जण फाइलींच्याच मागे असतात आणि खरी अडचण वरच्या डिरेक्टरीत असते. नेमआय कमांड लाँग ऑप्शनने चालवा आणि पूर्ण पाथ द्या, रूटपासून फाइलपर्यंत प्रत्येक पायरीचे ओनर-परमिशन एकाखाली एक दिसतात. ही कमांड इतकी कामाची असून फार कमी लोक वापरतात याचं मला खरंच वाईट वाटतं. एजंटला फाइल वाचता येत नाही म्हणून ६४४, मग ६६६ पर्यंत गाडी जाते आणि शेवटी कळतं की मधल्या डिरेक्टरीला एक्स बिटच, म्हणजे आत शिरायची परवानगीच, नव्हतं.

डिरेक्टरीमुळे येणारी दुसरी एरर तुम्ही नक्की बघितली असेल, लॉगरोटेट म्हणतो की पॅरेंट डिरेक्टरीच्या परमिशन इनसिक्युअर आहेत, 'एसयू' डिरेक्टिव्ह (कुठला युजर-ग्रुप होऊन रोटेट करायचं ते सांगणारी ओळ) लावा, आणि फाइल रोटेट न करता पुढे जातो. डिरेक्टरी सगळ्यांना लिहिण्याजोगी असेल किंवा रूट सोडून दुसऱ्या ग्रुपला लिहिण्याजोगी असेल तर हे होतं. उबुंटूत /व्हार/लॉग स्वतःच रूट सिसलॉग ७७५ आहे म्हणून तर नव्या उबुंटूच्या लॉगरोटेट.कॉन्फ मध्ये वरतीच 'एसयू रूट एडीएम' लिहिलेलं असतं. तुमच्या स्वतःच्या ॲपची लॉग डिरेक्टरी ॲप युजरच्या मालकीची असेल तर त्या ॲपच्या लॉगरोटेट फाइलमध्ये वेगळं एसयू लावा, आणि एसयू मधला युजर-ग्रुप आणि क्रिएट मधला युजर-ग्रुप एकच ठेवा. एसयू ॲप ॲप आणि क्रिएट ०६४० ॲप एडीएम असं लिहिलं तर साधा युजर झालेल्या लॉगरोटेटला एडीएमला चोन करता येत नाही, ऑपरेशन नॉट परमिटेड येतं आणि रोटेशन मध्येच अडकतं.

ही एरर म्हणजे नुसता कटकट्या नियम नाहीये. २०१६ मध्ये डेबियनच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या पॅकेजमध्ये नेमकं हेच भोक निघालं होतं, सीव्हीई-२०१६-१२४७. लॉग डिरेक्टरी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा च्या मालकीची होती, त्यामुळे वेब ॲपमधून आत शिरलेला माणूस लॉग फाइलच्या जागी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) ठेवायचा आणि रोटेशनच्या वेळी रूटच्या हातून काम करून घेऊन स्वतः रूट व्हायचा. तेव्हा 'चालत नाही ना, दे डिरेक्टरी ॲपच्या नावावर आणि ७७७' हे करताना दहादा विचार करा.

एनजिनएक्सचं नाव निघालंच आहे तर, त्याच्या लॉगचा ओनर तुम्ही रूट केला तरी रोटेशननंतर परत वर्कर युजरचा होतो. हे बग नाही. यूएसआर१ सिग्नल मिळाल्यावर मास्टर प्रोसेस फाइली परत उघडतो आणि ओनर वर्करचा नसेल तर स्वतः चोन करतो, कारण वर्करलाही ती फाइल उघडायची असते. त्यामुळे तिथे भांडण करू नका, क्रिएट ०६४० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एडीएम ठेवा आणि ग्रुपवर काम भागवा. अपाचे मात्र फाइल रूट असतानाच उघडून ठेवतो, त्याला रूट एडीएम ६४० चालतं. पोस्टग्रेस स्वतःचा लॉगिंग कलेक्टर वापरत असेल तर त्याचा लॉग_फाइल_मोड डिफॉल्ट ०६०० असतो, ग्रुपला वाचायला द्यायचा तर पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ मध्ये ०६४० करा, बाहेरून चमॉड मारून काही टिकणार नाही. टॉमकॅटच्या कॅटलिना स्क्रिप्टमध्ये यूमास्क व्हेरिएबल असतो, डिफॉल्ट ००२७. लॉग४जे२ च्या रोलिंग फाइलमध्ये फाइलपरमिशन्स ॲट्रिब्यूट आहे. प्रत्येकाची आपापली कळ आहे, ती शोधून तिथेच फिरवायची.

आपली स्वतःची सर्व्हिस लिहिताना युनिटमध्ये स्टँडर्डआउटपुट=अपेंड: असं देऊन पुढे /व्हार/लॉग मधला पाथ टाकायची हल्ली फार पद्धत पडली आहे. युजर=ॲप लिहिलेलं असूनही ती फाइल रूटच्या मालकीची निघते आणि लोक गोंधळतात. फाइल सिस्टमडी उघडतो, युजर बदलायच्या आधी, म्हणून. शिवाय एचयूपी दिला तरी ती परत उघडली जात नाही, त्यामुळे तिथे कॉपीट्रंकेट (नक्कल काढून मूळ फाइल तिथेच रिकामी करणं) वापरावं लागतं, आणि कॉपीट्रंकेट असेल तर क्रिएट ची ओळ काहीच करत नाही कारण नवी फाइल बनतच नाही. त्यापेक्षा लॉग्सडिरेक्टरी=ॲप आणि लॉग्सडिरेक्टरीमोड=०७५० द्या. सिस्टमडी सर्व्हिस सुरू करताना /व्हार/लॉग/ॲप बरोबर मालकीने बनवून देतो, आत ॲपला स्वतःच्या फाइली बनवू द्या आणि युनिटमध्येच यूमास्क=००२७ ठेवा. डिफॉल्ट मोड ०७५५ असतो म्हणून ०७५० मुद्दाम लिहायचं.

रीबूटनंतरच बिघडतं असं असेल तर लॉगरोटेट सोडा आणि टीएमपीफाइल्स.डी (फाइली-डिरेक्टरी बूटला नीट लावणारे सिस्टमडीचे नियम) बघा. सिस्टमडीच्या व्हार.कॉन्फ मध्ये /व्हार/लॉग ०७५५, डब्ल्यूटीएमपी ०६६४, बीटीएमपी ०६६० (दोन्ही लॉगिनच्या नोंदींच्या फाइली) अशा ओळी असतात आणि त्या बूटला लागू होतात. उबुंटूने स्वतःची ००आरसिसलॉग.कॉन्फ नावाची फाइल दिली आहे ज्यात /व्हार/लॉग ७७५ रूट सिसलॉग परत सेट केलं जातं, नावापुढे ००  अशासाठी की एकाच पाथसाठी दोन ओळी असल्या तर आधी वाचलेली चालते. तुम्हाला वेगळं पाहिजे असेल तर /ईटीसी/टीएमपीफाइल्स.डी मध्ये त्याच नावाची फाइल ठेवा, ती /यूएसआर/लिब वालीला झाकते. क्लाउडवरच्या मशीनवर अजून एक पात्र, क्लाउड-इनिट, त्याच्या कॉन्फिगमध्ये सिसलॉग_फिक्स_पर्म्स असतं आणि तो आपल्या लॉगचा ओनर-ग्रुप बूटला स्वतः लावतो.

आणि पॅकेज अपडेटनंतर डिरेक्टरीची परमिशन बदलली तर डेबियन-उबुंटूवर डीपीकेजी-स्टॅटओव्हरराइड आहे, त्यात ओनर, ग्रुप, मोड आणि पाथ नोंदवला की अपडेट त्याला हात लावत नाही. आरपीएम वाल्यांना आरपीएम व्हेरिफाय मारून निदान कळतं तरी, एम म्हणजे मोड, यू म्हणजे युजर, जी म्हणजे ग्रुप पॅकेजपेक्षा वेगळा आहे.

स्कॅनमध्ये कायम येणाऱ्या दोन-तीन फाइली वेगळ्या सांगतो कारण त्यांच्यात फार वेळ जातो. डीपीकेजी.लॉग आणि अल्टरनेटिव्ह्ज.लॉग यांच्या लॉगरोटेट फाइलमध्ये पॅकेजनेच क्रिएट ६४४ रूट रूट लिहून दिलेलं आहे आणि रोटेशन महिन्याने होतं, म्हणून तुमची दुरुस्ती महिनाभर टिकते आणि मग 'अचानक' जाते. त्या दोन फाइलींत ६४० रूट एडीएम करा, /ईटीसी मधली कॉन्फिग आहे, अपडेटमध्ये गुपचूप ओव्हरराइट होत नाही. पण /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग चा प्रकार वेगळा, तिथे खरोखरच चमॉड होतो, ॲप्ट प्रत्येक वेळी काही इन्स्टॉल करताना ती फाइल उघडून ६४४ करून टाकतो. वर सांगितलेल्या ऑडिटमध्ये हा लगेच पकडला जातो. त्याच्याशी फाइलवर लढण्यात अर्थ नाही, /व्हार/लॉग/ॲप्ट डिरेक्टरीलाच स्टॅटओव्हरराइडने रूट एडीएम ०७५० करा, दारच बंद असल्यावर आतली ६४४ कुणाला पोचत नाही. काही स्कॅनर तरीही फाइलचा मोड बघून ओरडतात, तेव्हा हे लेखी कारण देऊन एक्सेप्शन घ्यायचं.

एजंटला वाचायला द्यायचं तर एजंटच्या युजरला एडीएम ग्रुपमध्ये टाका, युजरमॉड ला ए आणि मोठा जी दोन्ही ऑप्शन, ए विसरला तर बाकीचे ग्रुप उडतात. आणि एजंट रीस्टार्ट करा, चालू प्रोसेसला नवा ग्रुप आपोआप मिळत नाही, 'ग्रुपमध्ये टाकलं तरी चालत नाही' म्हणणाऱ्यांचं बऱ्याचदा एवढंच राहिलेलं असतं. एडीएम दिल्याने सगळेच लॉग उघडे होतात हे पटत नसेल तर एसीएल (एकेका युजरला वेगळी परवानगी द्यायची सोय) चा रस्ता आहे, सेटएफएसीएल ने डिरेक्टरीवर डिफॉल्ट एसीएल लावता येतं म्हणजे नव्या फाइलींना ते वारशाने मिळतं. पण यात एक खाच आहे. फाइल ०६४० ने बनली तर ग्रुपचा बिट एसीएलचा मास्क (कमाल मर्यादा) होतो, आर, आणि एजंटला वाचता येतं. तीच फाइल ०६०० ने बनली तर मास्क रिकामा, आणि गेटएफएसीएल मध्ये तुमच्या एजंटची ओळ दिसते खरी पण पुढे 'इफेक्टिव्ह' म्हणून तीन डॅश. ओळ आहे म्हणून परवानगी आहे असं समजू नका, ते तीन डॅश बघा. म्हणजे एसीएल लावलं तरी फाइल बनतानाचा मोड शेवटी नीट करावाच लागतो, त्यातून सुटका नाही. शिवाय जुन्या फाइलचं एसीएल लॉगरोटेट नव्या फाइलवर उतरवतो ते फक्त क्रिएट मध्ये मोड दिलेला नसेल तेव्हाच.

आता ते रिकर्सिव्ह चमॉड. /व्हार/लॉग वर रिकर्सिव्ह ६४० मारलात तर डिरेक्टरींचाही एक्स बिट जातो, मग पोस्टग्रेस, मायएसक्यूएल वगैरे ज्यांचे डेमन आपल्या युजरने चालतात त्यांना स्वतःच्याच लॉग डिरेक्टरीत शिरता येत नाही. पुढच्या रीस्टार्टला सर्व्हिस उठत नाही, आणि ते रविवारी रात्रीच होतं. /व्हार/लॉग/जर्नल ची मांडणी तर वेगळीच, डिरेक्टरी २७५५ रूट सिस्टमडी-जर्नल, सेटजीआयडी आणि वर एसीएल, ती बाहेरून ठोकून काढायची जागाच नाही. डब्ल्यूटीएमपी ६४० झाली की साध्या युजरची लास्ट कमांड बंद. सीआयएस बेंचमार्क या सिक्युरिटी नियमावलीच्या जुन्या आवृत्तीत सगळ्या फाइलींना एकच फाइंड कमांड सुचवलेली होती, नव्यात डब्ल्यूटीएमपी, बीटीएमपी, लास्टलॉग, जर्नल यांना वेगळी सूट दिली आहे, तेव्हा स्कॅनर कुठल्या आवृत्तीचा आहे ते आधी विचारा. आणि चॅटर ने लॉगला अपेंड-ओन्ली करून ठेवायची कल्पना ऐकायला छान आहे पण लॉगरोटेटला नाव बदलता येत नाही आणि रोटेशनच थांबतं.

एवढा आटापिटा कशासाठी असं वाटत असेल तर सर्व्हरवरची ऑथ.लॉग उघडून बघा. लोक घाईत युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात आणि एसएसएच तो 'इनव्हॅलिड युजर' म्हणून जसाच्या तसा लिहून ठेवतो. ती फाइल ६४४ असेल तर मशीनवरच्या प्रत्येक युजरला, प्रत्येक हॅक झालेल्या वेब ॲपला तो पासवर्ड वाचता येतो. मला लॉगच्या परमिशनची काळजी वाटते ती यामुळे, स्कॅनच्या हिरव्या टिकमार्कमुळे नाही.

जुन्या फाइली मात्र एकदा हाताने नीट करायच्याच आहेत. कॉम्प्रेस होताना .जीझेड ला मूळ फाइलचीच परमिशन मिळते, त्यामुळे आज कॉन्फिग सुधारली तरी मागच्या ६४४ वाल्या तशाच राहणार. भारतात सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, म्हणजे त्या चुकीच्या फाइली तुमच्याकडे सहा महिने उघड्या पडून राहतील. फाइंड वापरा, टाइप एफ द्या म्हणजे डिरेक्टरींना धक्का नाही, नावाचा पॅटर्न नेमका द्या, सिसलॉग, ऑथ.लॉग, कर्न.लॉग एवढ्यापुरता, आणि आधी फक्त प्रिंट करून यादी बघा. जाता जाता त्याच लॉगरोटेट फाइलमधला रोटेटचा आकडाही बघून घ्या, वीकली आणि रोटेट ४ असेल तर चारच आठवडे राहतात, १८० दिवसांना वीकली आणि रोटेट २६ लागतं.

सगळं बदलून झालं की पुढच्या आठवड्याची वाट बघत बसू नका. आधी लॉगरोटेट डी ऑप्शनने चालवा, त्यात प्रत्यक्ष काही होत नाही पण 'डुप्लिकेट लॉग एंट्री' किंवा 'रायटेबल बाय ग्रुप ऑर अदर्स म्हणून इग्नोर' असले प्रकार दिसतात, दुसरा प्रकार म्हणजे तुमची कॉन्फिग फाइलच ६६४ आहे आणि लॉगरोटेट ती वाचायलाच तयार नाही, ६४४ रूट करा. मग एफ ऑप्शन आणि त्या एकाच फाइलचं नाव देऊन जबरदस्तीने रोटेट करा, पण लक्षात ठेवा की एकटी फाइल दिली की मुख्य लॉगरोटेट.कॉन्फ वाचलं जात नाही, तिथलं 'एसयू रूट एडीएम' लागू होत नाही आणि उबुंटूवर इनसिक्युअर वाली एरर येऊ शकते, तेव्हा चाचणीपुरती ती ओळ फाइलमध्येच टाका. त्यानंतर स्टॅट, आणि लॉगर कमांडने एक ओळ सोडून ती खरंच नव्या फाइलमध्ये पोचली का ते बघा, आणि सुडोने एजंटचा युजर होऊन हेड मारून बघा. सिस्टमडी-टीएमपीफाइल्स क्रिएट ऑप्शनने चालवलं की रीबूट न करता बूटवेळचे नियम तपासता येतात.

रेड हॅटवर ओनर, ग्रुप, मोड, डिरेक्टरी सगळं बरोबर असूनही परमिशन डिनाइड येत असेल तर एलएस मोठ्या झेडने मारा. लॉगचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे एसईलिनक्स (परमिशनच्या वरचा वेगळा पहारा) फाइलला लावतो ते लेबल, व्हार_लॉग_टी पाहिजे. होम डिरेक्टरीत बनवलेली फाइल एमव्ही ने /व्हार/लॉग मध्ये आणली की ती जुनाच कॉन्टेक्स्ट घेऊन येते आणि एसईलिनक्स तिला अडवतो, रिस्टोअरकॉन मारलं की मिटतं. लॉग /ऑप्ट किंवा /डेटा खाली ठेवत असाल तर रिस्टोअरकॉनच्या आधी सीमॅनेज एफकॉन्टेक्स्ट ने तो पाथ व्हार_लॉग_टी म्हणून नोंदवा, नाहीतर पुढच्या रीलेबलला परत पहिल्यापासून.